मशीन चालू होती

१९८६ साली खंडेनवमीच्या दिवशी आमच्या शाळेतला कॉम्प्युटर बंद पडला. तो चालू असताना त्याच्यावर गोमूत्र घातलेलं पाणी शिंपडलं गेलं. पाणी हेडमास्तरांनी शिंपडलं. शिंपडायला संस्थेच्या सचिवांनी सांगितलं. मी त्या खोलीच्या दारात उभा होतो. सगळं पाहिलं.

शाळा आरमोरीहून पुढे, एका मोठ्या गावात. खाजगी, अनुदानित. मी तिथं गणिताचा सहायक शिक्षक होतो. खेळाचे तासही माझ्याकडे होते. नोकरीचं दुसरं वर्ष चालू होतं. अजून कायम झालो नव्हतो.

पूजा सकाळीच आटोपली होती. कॉम्प्युटरला हळदकुंकू, झेंडूचा हार. पडद्याच्या काचेवर गंधाचं स्वस्तिक. आमच्याकडे रीत अशी की खंडेनवमीला पूजलेलं अवजार त्या दिवशी वापरायचं नाही. नांगर उभा असतो. सुताराची करवत भिंतीला टेकलेली असते. सचिवांची धानाची मिलही त्या दिवशी बंद होती. कॉम्प्युटरही बंदच राहायचा. पण शिक्षण खात्यातले एक पाहुणे आले होते आणि त्यांना तो चालताना पाहायचा होता. म्हणून हार तसाच ठेवून मशीन सुरू केली गेली.

अ तुकडीच्या मुलांनी खेळ दाखवला. पाहुणे म्हणाले, "आता एखादी मुलगी बसू द्या."

अ तुकडीच्या मुली सणाच्या कामाला घरी होत्या. ब तुकडीच्या मुलींना शाळेत बोलावलं होतं. अंगण सारवायला, रांगोळी काढायला. सातवी ब मधली सुनंदा माझ्या बाजूलाच उभी होती. बोटांना रांगोळी लागलेली. मी म्हणालो, "जा. बस."

तिनं दारातल्या बादलीतल्या पाण्यानं पाय धुतले. हात फ्रॉकला पुसले. आत जाऊन बसली.

पडद्यावर एक झाड होतं आणि झाडाखाली वानर. वर एक गणित यायचं. बरोबर उत्तराचं बटण दाबलं की वानर एक फांदी चढायचं. चुकलं की पडायचं. तीनदा पडलं की डाव संपला. शेंड्याला आंबा होता. सुनंदा एकाच बोटानं एकेक आकडा शोधून दाबत होती. तोंडानं हिशेब पुटपुटत होती. वानर एकदा पडलं. मग चढत गेलं. आंब्यापाशी पोचलं तेव्हा ती मोठ्यानं हसली. पाहुणे "शाब्बास" म्हणाले. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि चहासाठी ऑफिसात गेले.

ते गेल्यावर सचिवांनी विचारलं, "कोणाची पोट्टी हाये ही?"

गोमाजी शिपाई खाली पाहून म्हणाला, "म्हारवाड्यातली, मालक. जनाबाईची."

"आन् तिले इथी कोनं बसवलं?"

मी म्हणालो, "मी बसवलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तिला म्हणाले, "ऊठ."

तिला ऐकू गेलं नाही. ती दुसरा डाव लागायची वाट पाहत होती. विज्ञानाच्या सरांनी तिचा दंड धरला आणि ओढलं. खुर्ची आडवी झाली. ती पळत दाराशी आली आणि माझ्यामागे उभी राहिली.

"पूजेवर बसली," सचिव म्हणाले. "सणासुदीचं. हेडमास्तर, शिंपडा."

पूजेचा तांब्या तिथंच होता. हेडमास्तरांनी आंब्याचा डहाळा बुडवला. आधी खुर्चीवर. मग टेबलावर. मग मशीनवर. त्या कॉम्प्युटरचं सगळं यंत्र बटणांच्या खालीच असायचं. पाणी बटणांच्या फटीतून आत गेलं. चर्र आवाज झाला. पडद्यावरचं झाड आकसलं. पांढरा ठिपका राहिला. मग ठिपकाही गेला. जळका वास सुटला.

मग सचिव म्हणाले, "पाहा. एक डाव बसली, तं मशीन मेली."

त्यांना तसं खरोखर वाटलं होतं. चेहऱ्यावर दिसत होतं. त्या क्षणी ते खोटं बोलत नव्हते. मी हे पुष्कळांना सांगितलं आहे, कारण ऐकणाऱ्याला वाटतं, तो कांगावा होता. कांगावा नंतर झाला.

हेडमास्तरांनी फडकं माझ्या दिशेनं टाकलं. "तुमीच पुसा आता, मास्तर. आता काय बाटाचं राह्यलं हाये?"

विज्ञानाचे सर हसले. मी फडकं उचललं. टेबल पुसलं. बटणं पुसली. त्या मशीनवर काम करण्याचं ट्रेनिंग मी घेतलेलं होतं. शाळेत ती आल्यापासून तिला माझा हात लागला तो त्या दिवशी पहिल्यांदा.

*

माझा बाप त्याच गावचा. जंगलखात्याच्या कुपात, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या जंगलात, लाकूड तोडायचा. आई धानाच्या रोवण्याला जायची. आजा छप्पन साली दीक्षा घेऊन आला आणि घरातले देव त्यानं वैनगंगेत सोडले, असं घरी सांगायचे. गावानं मात्र मोहल्ल्याचं नाव बदललं नाही.

मी शिकलो ती शाळा दुसरी. तिथले गणिताचे गुरुजी चुकलेल्या मुलाला वर्गाबाहेर उभं करायचे. बाकीच्यांचा तास संपेपर्यंत. मला पहिल्यांदा बाहेर काढलं ते हातचा विसरलो म्हणून. बाहेर उभं राहिल्यावर पुढचं गणित ऐकू यायचं नाही. दुसऱ्या दिवशी तेही चुकायचं. पुन्हा बाहेर. बाहेर आम्ही चौघं-पाचजण असायचो. बहुतेक एकाच मोहल्ल्यातले. आम्हाला तेव्हा त्यात काही वेगळं वाटलं नाही. उन्हात सावली कुठं पडते ते आम्हाला बरोबर माहीत होतं.

गणित मला कबड्डीमुळे आलं, असं म्हटलं तर लोक हसतात. चंद्रपूरला कॉलेजात असताना मी कबड्डी खेळलो. नागपूरच्या एका शिबिराला निवड झाली. तिथले कोच रेल्वेतले निवृत्त. ते आम्हाला कधी पूर्ण डाव खेळू द्यायचे नाहीत. एक दिवस फक्त पाय टाकणं. एक दिवस फक्त श्वास. पकड शिकवताना तिचे तुकडे करायचे आणि एकेक तुकडा प्रत्येकाकडून करून घ्यायचे. सगळ्यांत कच्च्या गड्याला सगळ्यांत आधी चढाईला पाठवायचे. तो मरायचा. दुसऱ्या बाजूचा एक मारला की हा जिता होऊन परत यायचा. कोच म्हणायचे, "याला पुन्हा पाठवा. मेल्याशिवाय येत नाही."

मला बाहेर उभं केलेले तास आठवले. कबड्डीत बाद झालेला गडी परत येतो. शाळेत का येत नाही, हा प्रश्न मी त्या मैदानावर स्वतःला विचारला. मास्तर व्हायचं तिथंच ठरलं.

पुढे बी.एड. झालो. राखीव जागा बरीच वर्षं रिकामी होती. खात्याचा तगादा आला म्हणून संस्थेनं ती भरली. हजर झालो त्या दिवशी विज्ञानाच्या सरांनी स्टाफरूममध्ये ओळख करून दिली. "या, सरकारचे जावई आले." सगळे हसले. मला चहा काचेच्या ग्लासात दिला. इतरांना कपात. तो ग्लास खिडकीत वेगळा ठेवलेला असायचा. मी पहिल्या आठवड्यानंतर शाळेत चहा पिणं सोडलं.

मला सहावी-सातवीचे ब वर्ग दिले. अ तुकडीत मिलवाल्यांची, दुकानदारांची, मास्तरांची, मोठ्या शेतकऱ्यांची मुलं. ब तुकडीत आमच्या मोहल्ल्यातली, मासे धरणाऱ्या ढिवरांची, वसतिगृहातली गोंडांची. तुकड्या हुशारीवरून केल्या आहेत असं सांगायचे. परीक्षा मात्र तुकड्या पडल्यावर व्हायची.

मी वर्ग मैदानावर नेला. फक्कीनं कबड्डीचं पटांगण आखलं. दोन संघ. चढाई करणारा पलीकडे जायचा आणि त्याला तिथं गणित मिळायचं. उत्तर चुकलं की बाद. त्याच्या संघातल्या कोणी पुढचं बरोबर सोडवलं की हा जिता. कोणालाही मैदानाच्या बाहेर पाठवायचं नाही. बाद झालेल्यानं रेषेवर बसायचं आणि पुढचं गणित मनात करायचं, कारण कोणत्याही क्षणी आत यावं लागेल. गुणाकार मी पकडीसारखा तोडला. आधी फक्त दहाचे. मग पाचचे. मग उरलेले.

वसतिगृहातला एक गोंड मुलगा वर्गात तोंड उघडत नसे. मराठी त्याला अडायची. मैदानावर त्यानं पहिल्याच चढाईत "बावन" म्हणून ओरडून उत्तर दिलं. उत्तर चूक होतं. सगळे हसले, तोही हसला. पुढच्या खेपेला बरोबर दिलं.

सहामाहीत ब तुकडी जरा बरी आली. फार नाही. हेडमास्तर म्हणाले, "खेळवून खेळवून पास करता काय, मास्तर?"

*

उन्हाळ्याच्या सुटीत नागपूरला कॉम्प्युटरचं ट्रेनिंग निघालं. सरकारी योजना होती. निवडक शाळांना मशीन मिळणार होती आणि दोन शिक्षकांनी शिकून यायचं होतं. सुटीत नागपूरच्या उन्हात जायला कोणी तयार नव्हतं. विज्ञानाच्या सरांचं सासर तिथलं, म्हणून ते निघाले. दुसरा मी.

तिथं मी ते वानर पहिल्यांदा पाहिलं. असे बरेच खेळ होते. कॅसेटमधून मशीनमध्ये भरायचे. भरताना टेपमधून किर्रर्र असा आवाज यायचा. शिकवणारे बंगाली होते. ते म्हणाले, मूल शंभरदा चुकलं तरी हे यंत्र चिडत नाही. त्याला मुलाचं नाव माहीत नसतं. मी ते वहीत उतरवून घेतलं. त्या रात्री मला आनंदानं झोप लागली नाही. आमच्या कोचनी जे माणसांकडून करून घेतलं होतं, ते हे यंत्र करणार होतं. तुकडा तुकडा शिकवणार. चुकलं की लगेच सांगणार. पुन्हा संधी देणार. आणि आडनाव विचारणार नाही.

जूनमध्ये मशीन आली. तिच्यासाठी एक खोली रंगवली. शाळेतला एकमेव पंखा तिथं बसला. पडदे लागले. जमिनीवर सतरंजी. चपला बाहेर, पाय धुऊन आत. नारळ फुटला. किल्ली विज्ञानाच्या सरांकडे गेली.

मी हेडमास्तरांना विचारलं, "माझे तास कधी?"

"तुमचा ग्राउंडचा हात हाये, मास्तर. नाजूक वस्तू हाये ते. धूळ चालत नाई तिले."

"मी ट्रेनिंग घेतलंय, सर."

"घेतलं ना. चांगलं केलं. आता ग्राउंड सांभाळा."

"ब तुकडीला?"

"पुढच्या वर्षी पाहू."

ब तुकडीला खिडकी होती. खोलीच्या मागच्या बाजूला, पडद्याला फट. मधल्या सुटीत टेपचा किर्रर्र आवाज आला की ब तुकडीची मुलं तिथं धावायची. एकमेकांच्या खांद्यावर चढून पाहायची. आतून विज्ञानाचे सर पडदा ओढायचे. सुनंदा उंच होती. तिला टाचा उंचावल्या की दिसायचं. बाकीचे खालून विचारायचे, "कुठी गेलं वानर? चढलं का?" ती खेळ सांगायची. "चढून राह्यलं. आता पडते पाहा. पडलं. बारा साते चुकला तो."

मी मैदानावर फक्कीनं झाड काढलं. फांद्या काढल्या. मुलगाच वानर व्हायचा. गणित मिळालं की एक फांदी पुढे. चुकला की बुंध्याशी. तीन जीव. पण आमच्याकडे कबड्डीचा नियमही होता, म्हणून पडलेल्याला दुसरा कोणी जिता करू शकायचा.

एका मुलानं विचारलं, "सर, मशीनमंधी मेलेलं वानर दुसरा जिता करू शकते का?"

"नाही."

"मंग आपलाच खेळ बरा हाये ना!"

सगळे हसले. सुनंदा हसली नाही. म्हणाली, "आपल्या वानराले आंबा काऊन नाई भेटत, सर?"

मी दुसऱ्या दिवशी कैरी घेऊन गेलो नाही, मोसम नव्हता. बोरंही नव्हती. घरात ठेवलेल्या चिंचा नेल्या. पण तिला काय विचारायचं होतं ते मला कळलं होतं. तिला ती खोली पाहिजे होती.

खंडेनवमीला मी तिला "जा" म्हणालो ते यामुळे.

*

दिवाळीच्या सुटीनंतर हेडमास्तरांनी मला ऑफिसात बोलावलं. दार लावून घेतलं. आवाज मऊ होता. "बसा, मास्तर," म्हणाले. त्या ऑफिसात मला बसायला सांगितलं गेलं ते त्याच दिवशी.

"वरून विचारणा आली हाये. मशीन कशी बिघडली म्हून. काहीतरी सांगाव लागते का नाई?"

"पाण्यानं बिघडली."

"कोणतं पाणी?"

मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. त्यांनी नजर हलवली नाही.

"पोट्टीच्या हाताले रांगोळी होती," ते म्हणाले. "बटणांत गेली. मशीन बिघडली. लेकरू हाये, होते चूक. तिनं प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर माफी मागाची. विषय संपला. तुमच्या समाजाची हाये, तुमचं ऐकन. तुमी तिले समजावून सांगा."

"आणि नाही मागितली तर?"

"मंग दाखला." थोडं थांबले. "तुमचीबी ऑर्डर निघाची हाये ना, कायमची? उगाच काऊन बिघडवता?"

धान कापणीला आलं होतं. संध्याकाळी मी जनाबाईकडे गेलो. ती धानाच्या बांधीतून नुकतीच आली होती. विळा छपरात खोचला. मला बसायला पोतं टाकलं. मी हेडमास्तरांनी सांगितलं ते जसंच्या तसं सांगितलं.

ती म्हणाली, "मागून टाकन ना, सर. तोंडानंच तं मागाची हाये. म्या तं रोज मागतो. उशीर झाला तं मागतो, लवकर सुट्टी पाह्यजे असन तं मागतो. माफीनं काय अंगाले भोक पडते का?"

सुनंदा चुलीजवळ बसली होती. म्हणाली, "म्या हात पुसले होते."

"हो वं बाई, पुसले होते. पण मागून टाक."

"म्या काय केलं ते सांग, मंग मागीन."

जनाबाई माझ्याकडे वळली. "सर, तुमी सांगा तिले. तुमचं ऐकते ते. शाळा सुटली तं माह्यासंगं बांधीत येईल. मंग काय हाये तिचं?"

सुनंदा माझ्याकडे पाहत होती. मी काय म्हणतो याची वाट पाहत. मला त्या क्षणी हे दिसलं की मी "माग" म्हणालो तर ती मागेल. मी "जा, बस" म्हणालो तेव्हा ती गेली होती. आता मी "माफी माग" म्हणालो की मशीन तिच्या हातानंच मेली असं ती आयुष्यभर मानेल. माझ्या तोंडून ऐकलं म्हणून मानेल. सचिवांच्या तोंडून ऐकून तिनं मानलं नव्हतं.

मी म्हणालो, "तू काही केलं नाहीस. माफी मागायची नाही."

जनाबाई डोक्याला हात लावून बसली. म्हणाली, "तुमची नोकरी गेली तं मोहल्ल्यातला दुसरा मास्तर कवा होईल, सर?"



*

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाली. सगळे वर्ग ओळीत उभे. सचिव स्वतः आले होते. हेडमास्तरांनी नाव पुकारलं. सुनंदा ओट्यावर गेली. आदल्या दिवशीचाच फ्रॉक, धुतलेला, अजून ओलसर.

"म्हण," हेडमास्तर म्हणाले. "माझ्या हातानं नुकसान झालं, मला माफ करा."

ती उभी राहिली. बोलली नाही.

"म्हण ना वं. मुकी हायेस का?"

पुढच्या ओळींतली काही मुलं हसली. मी शिक्षकांच्या ओळीतून निघालो आणि ओट्यावर तिच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. 

मी म्हणालो, "मशीन पाण्यानं बंद पडली. पाणी हेडमास्तरांनी शिंपडलं. ही मुलगी खुर्चीवर बसली होती म्हणून शिंपडलं. ही माफी मागणार नाही."

हेडमास्तर म्हणाले, "मास्तर, लाईनीत जा."

"नाही जात."

खंडेनवमीच्या दिवशी खोलीच्या दारात ब तुकडीच्या आणखी मुली होत्या. त्यांनी पाणी पाहिलं होतं. गोमाजीनं पाहिलं होतं. विज्ञानाच्या सरांनी पाहिलं होतं. कोणीच बोललं नाही. मुलींचं मी समजू शकतो.

सचिव शांतपणे म्हणाले, "पाह्यलं? शिकवलं, नोकरी देल्ली, तं हे." आणि निघून गेले. घंटा झाली. वर्ग सुटले.

त्या आठवड्यात जनाबाईला बोलावून सुनंदाचा दाखला हातात दिला. पालकांच्या विनंतीवरून, असं कारण होतं. जनाबाईला वाचता येत नव्हतं. दुसरी शाळा नदीपलीकडे होती. एकट्या मुलीला डोंग्यातून रोज पाठवायला जनाबाई तयार झाली नाही. सुनंदा त्या वर्षी धान कापायला गेली. पुढच्या वर्षी रोवण्याला.

माझी सेवा एप्रिलअखेर संपवली. काम समाधानकारक नाही, असं कळवलं. ब तुकडी दुसऱ्या शिक्षकाकडे गेली. मैदानावरचं झाड पावसात धुऊन गेलं. ते पुन्हा कोणी काढलं नाही. मशीन नागपूरहून दुरुस्त होऊन आली आणि कापड टाकून ठेवली गेली. विज्ञानाचे सर बदलून गेले, मग तिला हात लावणारं कोणी उरलं नाही. ब तुकडीला ती खोली मिळाली नाही.

मोहल्ल्यात माझ्याबद्दल दोन मतं होती. काही म्हणायचे, बरं केलं. जास्त लोक म्हणायचे, मास्तरनं आपल्या हट्टापायी पोरीची शाळा घालवली. एका लग्नात जनाबाईच्या भावानं मला पंगतीतून उठवलं. "तुमी शिकलेले. तुमी कुठीबी जगान. आमच्या पोरीचं काय?" मी उठलो. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. सुनंदाची शाळा सुटली हे खरं होतं, आणि मला दुसरं काम मिळालं हेही खरं होतं. चंद्रपूरच्या एका दैनिकात मी बातमीदार झालो.

मी नागपूरच्या शाळा न्यायाधिकरणात दाद मागितली. नोकरी परत पाहिजे होती, ते होतंच. पण मशीन कशानं बंद पडली हे कुठंतरी नोंदलं गेलं पाहिजे, हे त्याहून जास्त पाहिजे होतं. प्रकरण दोन वर्षं नुसतं पुढे ढकललं गेलं.

मधे एकदा गडचिरोलीच्या बसस्टँडवर संस्थेचा एक माणूस भेटला. ओळखीचा. चहा सांगितला.

"सर, मालक म्हणून राह्यले का पुढच्या जूनपासून या. कायमची ऑर्डर. मागचा पगारबी पाहू. तुमी फक्त एवढं लिहून द्या का पाणी शिंपडलं तवा तुमी तिथी नव्हते."

"आणि मुलीचं?"

"तिचं काय आता? तिचं लग्न जमन साली-दोन साली. तिले कोन इचारते?"

"मी विचारतो," मी म्हणालो. चहा तसाच ठेवला आणि चंद्रपूरच्या बसमध्ये बसलो.

त्याच महिन्यात मी जनाबाईकडे गेलो. सुनंदा आता सोळाची. अंगणात धान पाखडत होती. मी म्हणालो, साक्ष लागेल. जबरदस्ती नाही. जनाबाई काही बोलायच्या आत ती म्हणाली, "कवा जाचं हाये?"

गेल्या मार्चमध्ये सुनावणी झाली. जनाबाई, सुनंदा आणि मी पहाटेच्या बसनं गेलो. सचिव आणि हेडमास्तर समोरच्या बाकावर होते. संस्थेच्या वकिलांनी सुनंदाला विचारलं, "तुला त्या खुर्चीवर बसायला कोणी सांगितलं?"

"सरांनी."

"म्हणजे तू आपल्या मनानं बसली नाहीस. यांनी मुद्दाम बसवलं."

ती म्हणाली, "सरांनी जा म्हटलं. पण मले बसाचंच होतं. मशीन आली तवापासून बसाचं होतं."

"तुझे हात स्वच्छ होते?"

"रांगोळीचे होते. पुसले."

"मग मशीन कशी बंद पडली?"

"पाण्यानं. या सरांनी शिंपडलं." तिनं हेडमास्तरांकडे बोट केलं. मग सचिवांकडे. "यायनं सांगतलं म्हून."

वकिलांनी आणखी प्रश्न विचारले. तिनं उत्तर बदललं नाही. तिचं बोलणं टाइप झालं. तिला वाचून दाखवलं. बरोबर आहे का, असं विचारलं. तिनं बरोबर आहे म्हणून सांगितलं आणि खाली सही केली.

पुढची तारीख पावसाळ्यानंतरची आहे. आम्ही तिघंही जाणार आहोत.